अगं बाई, अकरा झाला!

दिवाळीला चार दिवस होते. शेजारच्या काकूंकडे करंज्यांचा घाट घातला होता. मी सारण भरत होते, काकू कातण फिरवत होत्या आणि युरोपातून सुट्टीवर आलेली त्यांची पुतणी पाऱ्या लाटत होती. ती तिकडे मेंदूविज्ञानात संशोधन करते. माणसाचं लक्ष कुठे असतं, कुठे उडतं आणि तेव्हा डोक्यात काय चाललेलं असतं, हा तिचा विषय. तर ओट्यावरचा तिचा फोन टुणकन वाजला, तिचं स्वतःचं लक्ष पारीवरून उडालं, पिठाच्याच हाताने तिने तो उचलला आणि किंचाळली, "अकरा झाला!"

काकूंचं कातण हवेतच राहिलं. "कुणाचा अकरावा? सणासुदीला काय बोलतेस!"

"अकरावा नाही गं काकू, अकरा! माझा एच-इंडेक्स अकरा झाला!"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी ज्युनियर कॉलेजात पंचवीस वर्षं मानसशास्त्र शिकवलं, त्यामुळे या घरात मेंदूबद्दलचा कुठलाही प्रश्न निघाला की तो माझ्याकडे सरकवतात. थोडं मला येतं, बाकीचं मी विचारून घेते. पण त्या दुपारी जे कानावर आलं आणि चष्मा लावून जे वाचलं, त्याने बाई माझी झोपच उडाली. शास्त्रज्ञ म्हणजे केस विस्कटलेले, व्यवहारशून्य, सत्याच्या मागे लागलेली माणसं, असं मी मुलांना शिकवत आले. त्यांच्यात आकड्यांचं असलं वेड पसरलंय, की त्यापुढे आमच्या सोसायटीच्या भिशीतल्या भानगडी सात्त्विक वाटाव्यात!

आधी हा एच काय, ते सांगते. संशोधकाने पेपर लिहिला की पुढे दुसरे संशोधक आपल्या पेपरात त्याचा हवाला देतात. त्याला सायटेशन म्हणतात. एच अकरा म्हणजे तुमचे निदान अकरा पेपर असे, की प्रत्येकाचा निदान अकरा वेळा हवाला दिला गेलाय. काकूंना मी आहेराच्या भाषेत समजावलं. "समजा, तुमच्या घरात अकरा कार्यं झाली आणि प्रत्येक कार्याला निदान अकरा पाकिटं आली. झाला तुमचा एच अकरा."

"आणि एकच लग्न झालं, पण पाचशे पाकिटं आली तर?"

"तर एच एक."

"हा कुठला न्याय!" काकू म्हणाल्या. त्यांना एकच मुलगी.

काकूंची तक्रार रास्तच आहे. जॉन रिडली स्ट्रूप नावाचा अमेरिकन होता. 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहायचा आणि शाईचा रंग विचारायचा. जीभ हमखास अडखळते. हा प्रयोग त्याने १९३५ साली छापला आणि आज मानसशास्त्राचं एकही पाठ्यपुस्तक त्याच्याशिवाय पुरं होत नाही. मी स्वतः खडूंनी फळ्यावर तो किती वर्षं करून दाखवला असेल! हजारो पेपरांनी त्याचा हवाला दिलाय. आणि स्ट्रूपने पुढे काय केलं? नॅशव्हिलच्या कॉलेजात बायबल शिकवलं, प्रवचनं केली. मानसशास्त्रातले त्याचे पेपर एका हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच. म्हणजे एचही बोटांवरच. आजच्या निवड समितीसमोर तो बसला असता, तर आमच्या पुतणीने त्याला मागे टाकलं असतं. हे ऐकून पुतणीला बरं वाटायला हवं होतं. ती म्हणाली, "मावशी, माझ्याबरोबर मुलाखतीला येणाऱ्यांचे सतरा आहेत."

सतरा! म्हणजे पत्रिका जुळायला एकच गुण कमी. हसू नका, यात गंमत आहे. हा एच काढला तो होर्हे हिर्श या पदार्थवैज्ञानिकाने, २००५ मध्ये, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत बसून. त्याने नुसतं सूत्र देऊन न थांबता भावही लिहून ठेवला. भौतिकशास्त्रात बाराच्या आसपास असला की नोकरी कायम व्हावी, अठराला पूर्ण प्राध्यापक, पंचेचाळीसच्या पुढे राष्ट्रीय अकादमीचं दार. आता आपल्याकडे छत्तीसपैकी अठरा गुण जुळले की लग्न ठरतं आणि तिकडे अठरा झाला की प्राध्यापकी! हिर्शसाहेबांनी दाते पंचांग पाहिलं नसेल हे मला मान्य आहे, पण अठरावर सगळ्यांचं एकमत कसं होतं, हे एखाद्याने शोधून काढावं. पेपर होईल.

त्याच लेखात त्याने जीवशास्त्राकडच्या वरच्या मंडळींचे आकडेही मांडले होते. पहिला नंबर मेंदूवाल्याचाच. जॉन्स हॉपकिन्सचे सॉलोमन स्नायडर, एच १९१. भौतिकशास्त्रातला सर्वांत मोठा, एडवर्ड विटेन, ११० वर होता. मेंदूवाल्यांनी तेव्हा कॉलर ताठ केली असेल. पण या स्नायडरांच्या प्रयोगशाळेत १९७३ साली अफूचा मेंदूतला ग्राहक सापडला, तो कॅन्डेस पर्ट नावाच्या विद्यार्थिनीच्या हातून. १९७८ चं लास्कर पारितोषिक मात्र स्नायडर आणि आणखी दोन पुरुषांना मिळालं. पर्टबाई गप्प बसल्या नाहीत. त्यांनी जाहीर निषेध केला आणि त्या क्षेत्रात त्यावरून बरीच वर्षं कुजबूज चालू राहिली. फराळ एकीने करायचा आणि डबे दुसऱ्याच्या नावाने वाटायचे, ही रीत फक्त आपल्या वाड्यातच होती असं मी समजत होते.

यावरून एक आठवलं. ज्याचं आधीच नाव आहे त्यालाच आणखी श्रेय मिळत जातं, याला 'मॅथ्यू इफेक्ट' म्हणतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९६८ मध्ये हा शब्द रूढ केला. त्यासाठी मुलाखती कुणाच्या वापरल्या? हॅरिएट झुकरमनच्या. पेपरावर नाव एकट्या मर्टनचं. पुढे त्याने स्वतःच कबूल केलं की हा लेख दोघांच्या नावावर असायला हवा होता. नंतर दोघांनी लग्नही केलं. श्रेयाच्या अन्यायावरचा लेख आणि त्या लेखातच हा प्रकार! काकू म्हणाल्या, "लग्न केलं ना? मग मिटलं." मिटलं नाही काकू, तो लेख अजून एकट्याच्याच नावाने मोजला जातो.

मुळात हवाले मोजायची कल्पना वाईट नव्हती. यूजीन गारफील्ड या ग्रंथालयवाल्या गृहस्थाने ती १९५५ मध्ये मांडली. वकील लोक जुन्या निकालाचा पुढे कुठे कुठे आधार घेतला गेला, हे शोधायला एक सूची वापरत, तशीच विज्ञानाची सूची करावी, म्हणजे एका पेपरावरून दुसऱ्यापर्यंत पोचता येईल. १९६० च्या दशकात फिलाडेल्फियाच्या त्याच्या संस्थेने ती छापायलाही सुरुवात केली. वाट दाखवणारी पाटी होती ती. लोकांनी तीच काढून दिवाणखान्यात लावली. २००४ मध्ये गूगल स्कॉलर आलं, २०११ मध्ये त्यावर प्रत्येकाला आपलं पान उघडता येऊ लागलं. एकूण हवाले इतके, एच इतका, वर्षावर्षाचे निळे-करडे खांब. दाराच्या पाटीवर नावाखाली पगार लिहायचा प्रकार! तो चढत गेला नाही तर शेजारी काय म्हणतील?

इथे मला त्या मुलीची दया आली. कारण तिच्या विषयातल्या पूर्वजांनीच हे सगळं आधी सांगून ठेवलंय. बी. एफ. स्किनरने कबुतरांना बटणावर चोच मारायला शिकवलं. दर खेपेला दाणा दिला तर कबुतर पोट भरलं की थांबतं. पण दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी पन्नासाव्या, असा बेभरवशाचा दिला, तर ते वेड्यासारखं चोच मारत सुटतं. १९५७ मध्ये त्याने आणि फर्स्टरने यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. मी दरवर्षी हा धडा शिकवायचे. आणि आता माझ्या डोळ्यांसमोर मेंदूविज्ञानाची डॉक्टरेट घेतलेली मुलगी पाऱ्या लाटता लाटता दर पाच मिनिटांनी ते पान उघडून बघत होती. टुण. टुण. दाणा नाही. टुण.

"तुला कळतंय ना तू काय करतेयस?" मी विचारलं.

"कळतंय मावशी. पुढच्या सेमिस्टरला मी हेच शिकवणार आहे."

बरं, एवढं ज्याच्यासाठी चाललंय, ते हवाले पडतात तरी कशाला? मला वाटलं, मनाची गुपितं उलगडणाऱ्या महान सिद्धान्तांना. कसचं काय! मेंदूच्या अभ्यासात हवाल्यांचा खच पडलेला एक पेपर आहे, एडिनबराच्या ओल्डफील्डचा, १९७१ चा. विषय काय, तर माणूस उजवा की डावखुरा हे ठरवायची दहा प्रश्नांची यादी. लिहिता कोणत्या हाताने? चित्र काढता? फेकता? कात्री, दात घासायचा ब्रश, सुरी, चमचा, काडी ओढणं, डब्याचं झाकण उघडणं आणि झाडू मारताना वरचा हात कोणता! मेंदूची चित्रं काढणाऱ्या अभ्यासांत बहुतेक वेळा उजव्या हाताचीच माणसं घेतात, कारण डावखुऱ्यांच्या मेंदूत भाषेची मांडणी थोडी वेगळी असू शकते. ती उजवी आहेत हे दाखवायला प्रत्येकजण ओल्डफील्डचा हवाला टाकतो. झालं, हजारोंचे हजारो. आमच्या कामवाल्या बाईंना मी झाडूचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "उभा झाडू असेल तर वरचा हात. केरसुणीला कसला वरचा न् खालचा?" एडिनबरात हा मुद्दा निघालाच नसावा.

तसंच ब्रॉन आणि क्लार्क या दोघींचं. मुलाखतींतून मुद्दे कसे काढायचे, यावरचा त्यांचा २००६ चा लेख लाखाच्या पुढे कधीच गेला. बॅरन आणि केनी यांचा १९८६ चा आकडेमोडीच्या रीतीवरचा लेखही लाखाच्या वर. लंडनच्या कार्ल फ्रिस्टनने मेंदूची चित्रं वाचायचं सॉफ्टवेअर करून फुकट वाटलं. ते वापरणारा प्रत्येकजण त्याचा हवाला देतो आणि त्याचा एच दोनशेच्या पुढे आहे. त्याचा मोठा सिद्धान्त वेगळाच आहे आणि तो कळला असं सांगणारे फार थोडे भेटतात. पण सांगायचा मुद्दा, गावजेवणात नाव स्वयंपाक्याचं व्हावं, तर इथे भांडी भाड्याने देणाऱ्याचं होतं. वाईट नाही हं त्यात काही, भांडी लागतातच.

आता खरं खमंग ऐका. खिडकी लावून घ्या.

आहेराची वही आपल्या घरोघरी असते. कुणी किती दिलं ते लिहून ठेवायचं, तितकंच परत करायचं. ही वही विज्ञानातही निघाली. तू माझा हवाला दे, मी तुझा देतो. ज्यांना तेवढाही धीर नाही, ते आपल्याच पाकिटात आपणच पैसे घालून आपल्याच लग्नात आहेर करतात. स्वतःच्या कामाचा थोडाफार हवाला कुणालाही द्यावा लागतो, कारण कालचं काम आजच्या कामाचं जोतं असतं. पण किती? २०१८ मध्ये मानसशास्त्रातल्या एका मोठ्या मासिकाचे संपादक रॉबर्ट स्टर्नबर्ग यांच्यावर सहकाऱ्यांनी टीका केली, की आपल्याच मासिकातल्या आपल्याच लेखांत ते आपलेच हवाले फार देतात. मुदत संपायच्या आधी त्यांनी संपादकपद सोडलं. प्रेमाच्या त्रिकोणाचा सिद्धान्त यांचाच. पुढचं मी बोलत नाही, माझी जीभ काळी आहे.

आणि मानपान! विहीणबाईंना पैठणी नाही तर मांडवात पाऊल नाही, तसं काही संपादक म्हणे सांगतात, "लेख छान आहे, पण आमच्या मासिकातले हवाले कमी पडतायत." विल्हाइट आणि फाँग या दोघांनी २०१२ मध्ये 'सायन्स' मासिकात याचा पंचनामा केला. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र आणि व्यवस्थापन या विषयांतल्या साडेसहा हजारांहून जास्त लोकांना विचारलं. पाचातला एक म्हणाला, हो, मला असं सांगितलं गेलंय. बाकीच्यांना विहीण चांगली मिळाली असेल.

बरं, देणारे निदान वाचून तरी देतात का? सिमकिन आणि रॉयचौधरी या लॉस एंजेलिसच्या जोडीने एक चलाख उपाय केला. हवाल्यांत पानाचा आकडा चुकतो, तेव्हा तीच चूक किती जणांनी जशीच्या तशी उचललीय, ते त्यांनी मोजलं. त्यांच्या हिशोबाने, मूळ पेपर वाचून हवाला देणारा पाचातला एकच! काकूंना हे लगेच पटलं. त्यांच्या सासूबाईंच्या वहीत अनारशाच्या गुळाचं माप चुकलं होतं, ते माप आज चार शहरांतल्या सात घरांत आहे. सगळ्यांचे अनारसे विरघळतात आणि कुणी मूळ वही पाहत नाही.

याच्यापुढची पायरी सांगू? एक लेख आहे, २००० सालचा, 'शास्त्रीय लेख लिहिण्याची कला' अशा अर्थाच्या शीर्षकाचा. चारशेच्या आसपास जणांनी त्याचा हवाला दिला. लायडनचे संख्याशास्त्रज्ञ पीटर क्रूनेनबर्ग तो शोधायला गेले आणि कळलं, की असा लेखच नाही. प्रकाशकाने हवाले कसे लिहावेत याचा नमुना म्हणून तो मनाने रचून दिला होता. अर्जाच्या नमुन्यात 'श्री. अबक' लिहिलेलं असतं, तसा. आणि चारशे शहाण्यांनी श्री. अबक यांचे आभार मानले!

म्हणून मग २०१० मध्ये ग्रनोबलच्या सिरिल लाबेने आइक अँटकेअर नावाचा संशोधक जन्माला घातला. संगणकाकडून निरर्थक पेपर लिहून घेतले, एकमेकांना एकमेकांचे हवाले चिकटवले. आइकचा एच ९४ झाला, आइन्स्टाइनपेक्षा जास्त. आणि २०२४ मध्ये रीस रिचर्डसन आणि निक वाइज या दोघांनी तर कहर केला. पैसे घेऊन हवाले वाढवून देणाऱ्यांची जाहिरात पाहून त्यांनी तोच उद्योग फुकटात करून पाहिला. संशोधक कोण, तर रिचर्डसनच्या आजीचं मांजर, लॅरी. बारा बनावट पेपर लॅरीच्या नावावर, त्यांना १३२ हवाले, एच अकरा.

एच किती? अकरा.

मी हे वाचून दाखवलं तेव्हा पुतणी लाटणं हातात घेऊन बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मावशी, मला सहा वर्षं लागली." काकूंनी ओट्याखाली लोळणाऱ्या मनीला उगाचच दोन शब्द सुनावले.

गूगलने नंतर लॅरीचं पान साफ केलं. पण पान साफ झालं तरी सवय जात नाही आणि मानसशास्त्रात या सवयीची खरी किंमत २०१५ मध्ये दिसली. ब्रायन नोसेक आणि अडीचशेहून जास्त लोकांनी मिळून मानसशास्त्रातले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांनी 'निष्कर्ष आला' म्हटलं होतं. दुसऱ्या वेळी तो आला ३६ टक्क्यांत. छत्तीसचा आकडाच तो! त्याच्याहून झणझणीत फोडणी पडली २०२१ मध्ये. सेरा-गार्सिया आणि नीझी यांनी मोजलं, की पुन्हा करून न जमलेल्या पेपरांना, जमलेल्यांपेक्षा सरासरी १५३ हवाले जास्त मिळतात. का? कारण ते चटकदार असतात. आणि अपयश जाहीर झाल्यावरही पुढच्या हवाल्यांपैकी बाराच टक्के सांगतात, की बाबांनो, हे खरं ठरलेलं नाही. लग्न मोडलं हे सगळ्या गावाला ठाऊक, तरी आहेर चालूच!

चटकदार म्हणजे किती? १९९३ चं घ्या. छत्तीस कॉलेजकुमारांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवला आणि त्यानंतर थोडा वेळ कागद दुमडण्यासारख्या कोड्यांत त्यांना जरा जास्त गुण पडले. पाच वर्षांत जॉर्जियाच्या गव्हर्नरने नवजात बाळांना संगीताच्या तबकड्या वाटायला अर्थसंकल्पात एक लाख पाच हजार डॉलर मागितले. आमच्या सोसायटीतही त्या काळी एका सूनबाईंनी सात महिने मोझार्ट लावला होता. मुलगा आता सव्वीस वर्षांचा आहे, ढोलपथकात आहे.

नेदरलँड्सच्या डिडरिक स्टापेलची कथा मात्र चटकदारपणाच्या पलीकडची आहे. रेल्वे स्टेशनावर कचरा असला की माणसं परक्यांबद्दल जास्त पूर्वग्रह दाखवतात, असा त्याचा पेपर २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. स्टेशन उट्रेक्टचं. कचरा खरा, स्टेशन खरं, माहिती खोटी. असा खोटा माल तो आपल्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लॅपटॉपमध्ये टंकत असे, हे त्याने नंतर स्वतःच सांगितलं. अठ्ठावन्न पेपर मागे घेतले गेले. स्वयंपाकघरात बसून नुसते आकडे तळणारा पुरुष! काकूंना सर्वांत जास्त राग आला तो याचाच.

एक मासा सांगायचा राहिलाच. तो सांगितल्याशिवाय मला करंजी गोड लागणार नाही. २००९ मध्ये जाहीर झालेल्या एका प्रयोगासाठी क्रेग बेनेट आणि मंडळींनी एक अटलांटिक सामन विकत आणला. मेलेला. त्याला मेंदू पाहायच्या मोठ्या चुंबकी यंत्रात ठेवला आणि माणसांचे फोटो दाखवून रीतसर विचारलं, की या माणसाच्या मनात काय भावना असेल? आणि माशाच्या मेंदूत एक ठिपका पेटला! कारण साधं आहे. मेंदूचे हजारो बारीक ठोकळे करून प्रत्येकाची वेगळी परीक्षा घेतली, की निव्वळ योगायोगाने एखादा पास होतोच. त्यासाठी हिशोबात दुरुस्ती करावी लागते. तेव्हा बरेच जण ती करत नसत. दुरुस्ती केल्यावर मासा निमूट मेला. २०१२ मध्ये या माशाला इग नोबेल हे गमतीचं पारितोषिक मिळालं. म्हणजे त्यालाही पारितोषिक आहे आणि पर्टबाईंना लास्कर नाही. २०१६ मध्ये स्वीडनच्या एक्लंड आणि सहकाऱ्यांनी असाच दुसरा हिशोब तपासला. पाच टक्के चूक व्हावी तिथे काही रीतींत सत्तर टक्क्यांपर्यंत होत होती. आधी म्हणाले चाळीस हजार पेपरांवर प्रश्नचिन्ह, मग दुरुस्त करून म्हणाले साडेतीन हजारांच्या आसपास. तरी साडेतीन हजार म्हणजे काही थोडे नाहीत हो!

आणि मानसशास्त्रातला डॅनियल कानेमनसारखा मोठा माणूस तरी यातून सुटला का? त्याने आणि अमोस ट्वर्स्कीने १९७१ मध्येच लिहिलं होतं, की शास्त्रज्ञसुद्धा लहानशा नमुन्यावर भलताच विश्वास ठेवतात. (पहिलं नाव कुणाचं, हे त्या दोघांनी नाणं उडवून ठरवलं. एवढी सभ्यता या सगळ्या कथेत दुसरीकडे मला आढळली नाही.) चाळीस वर्षांनी कानेमनने आपल्या गाजलेल्या पुस्तकात नेमक्या अशाच लहान नमुन्यांच्या अभ्यासांवर एक प्रकरण लिहिलं आणि २०१७ मध्ये कबूल केलं, की त्यांच्यावर मी नको तितका विश्वास ठेवला. स्वतःच्या सापळ्यात स्वतः अडकून वर ते मोकळेपणाने सांगणारा. मला हा माणूस आवडला.

आपण काही कमी नाही हं. आपल्याकडे २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एपीआय नावाची गुणपद्धत आणली. पेपराला इतके गुण, परिषदेला इतके. झालं, स्टाफरूममध्ये चहाबरोबर बढतीचं 'कॅस', 'पेपर काढला का?', 'आयएसएसएन आहे ना?' एवढंच ऐकू यायला लागलं. मासिकं कुत्र्याच्या छत्र्यांसारखी उगवली. पुण्यातल्या विद्यापीठातले भूषण पटवर्धन, शुभदा नगरकर आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांनी शिफारस केलेल्या मासिकांतली काही तपासली. ८८ टक्क्यांहून जास्त कमी दर्जाची निघाली. कुणाला पत्ता नाही, कुणाला संपादक नाही, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर मनचा. मग चांगल्या मासिकांची 'केअर' यादी आली, २०२५ मध्ये तीही आयोगाने बंद केली. आता नवा ताप 'जगातल्या टॉप दोन टक्के शास्त्रज्ञां'चा. स्टॅनफर्डचे जॉन आयोआनिडिस दरसाल ती यादी काढतात. स्वहवाले वगळून काय उरतं, तेही ती दाखवते. पण फ्लेक्सवर तो रकाना छापलेला मी अजून पाहिला नाही.

खुद्द हिर्शने २०२० मध्ये लिहिलं, की आपला एच सपशेल फसू शकतो आणि त्याचे दुष्परिणाम भयंकर होऊ शकतात. पत्रिका काढणाऱ्या गुरुजींनीच पत्रिकेवर विश्वास नाही म्हणावं, तसं. पण मुलाकडची मंडळी ऐकतात कुठे?

करंज्या तळायला घेतल्या तेव्हा मी त्यांना एच. एम. ची गोष्ट सांगितली. हा एच वेगळा. हेन्री मोलेसन. १९५३ मध्ये हार्टफर्डला फिट्स थांबवायला त्याच्या मेंदूचा भाग काढला आणि त्याची नवी आठवण साठवायची ताकदच गेली. ती शस्त्रक्रिया करणारे स्कोविल आणि मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिलनर यांनी १९५७ मध्ये त्याच्यावर लिहिलं. स्मृतीबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं कितीतरी या एका माणसामुळे. मिलनरबाई दर खेपेला भेटत आणि दर खेपेला नव्याने ओळख करून देत. आरशात बघून चांदणी गिरवायला तो रोज थोडा जास्त शिकला, पण आपण हे पूर्वी केलंय, हे त्याला रोजच नवीन. २००८ मध्ये तो गेला, तोपर्यंत जगाला त्याची दोन आद्याक्षरंच माहीत होती. हजारो पेपरांत तो आहे, लेखकांच्या यादीत कुठेच नाही. पन्नास वर्षं सगळ्यांचे एच त्याच्या जिवावर वाढले. कढईत करंजी फुलत होती. थोडा वेळ कुणीच बोललं नाही.

टुण.

पुतणीने हात पुसले. "कुणीतरी माझ्या बाराव्या पेपराचा हवाला दिलाय!"

"बघू तरी काय म्हणतायत," काकू झारा बाजूला ठेवून पुढे सरसावल्या.

तिने वाचलं. चेहरा जरा उतरला. "लिहिलंय, आम्ही हाच प्रयोग दुप्पट माणसांवर करून पाहिला. परिणाम दिसला नाही."

"म्हणजे तुझं चुकलं?"

"चुकलं असेल. बघावं लागेल."

"मग हा कापणार का तुझ्या आकड्यातून?"

"नाही गं काकू," ती म्हणाली, "हासुद्धा मिळवतात."

काकूंनी कढईतून करंजी उचलली. कड सुटून सारण बाहेर आलं होतं. क्षणभर त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ती चांगल्या करंज्यांच्या डब्यात, सर्वांत खाली, सरकवून दिली.